वाचकांचे प्रश्न : उपदेश लांबतो, विस्कटतो

प्रश्न : पाळकीय (चर्चचा धर्मगुरू होण्याच्या) प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे. २० मिनिटांचा उपदेश ४० मिनिटांवर जातो आणि मंडळी चुळबुळ करू लागते. काय चुकतं?

उत्तर : बहुधा तुम्ही एका उपदेशात तीन उपदेश करता. एका वचनावरून दुसऱ्यावर उड्या मारल्या की वेळ जातो आणि धागा तुटतो. बायबलमधला एकच उतारा घ्या, उदाहरणार्थ मार्क ४:३५-४१ (मार्कचं शुभवर्तमान, अध्याय ४, वचनं ३५ ते ४१). सोमवारीच तो तीनदा मोठ्याने वाचा, टीकाग्रंथ (बायबलवरची भाष्यं) नंतर उघडा. वादळात येशू उशी घेऊन झोपलेला आहे. ही गोष्ट सांगणाऱ्या शुभवर्तमानकारांपैकी उशीचा उल्लेख फक्त मार्क करतो. आणि शिष्यांना ‘मोठं भय’ वाटल्याचं तो वादळ शमल्यानंतर सांगतो! उपदेशाचा गाभा तिथेच आहे. तो एका वाक्यात लिहा. त्या वाक्याला न लागणारा दाखला कितीही सुंदर असो, गाळा. मिनिटाला साधारण १०० शब्द धरा, म्हणजे २,००० शब्द पुरतात. शनिवारी उभं राहून, घड्याळ लावून म्हणून पाहा. शेवटचं वाक्य पाठच हवं, नाहीतर उपदेश विमानासारखा घिरट्या घालत राहतो.

उपदेशानंतरच्या प्रार्थनेत तोच उपदेश पुन्हा सांगू नका, ते देवाशी बोलणं आहे. आजाऱ्यांची नावं घ्या, पण त्यांना विचारल्याशिवाय आजार जाहीर करू नका.