पहिली रेट्रो घेताय? एवढं सांभाळा

रेट्रो म्हणजे झालेल्या कामाकडे टीमने मिळून मागे वळून बघायची बैठक. तीन महिन्यांचं काम असं बघायचं असेल, तर आधी भिंतीवर आडवी रेघ ओढून त्यावर महिने लिहा. माणसाला अलीकडचंच जास्त नीट आठवतं. सुरुवातीचा रिलीज (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडणं), मध्येच बदललेली मागणी, कोण कधी रजेवर होतं, हे सगळं कॅलेंडर आणि तिकिटं (कामांच्या नोंदी) चाळून तुम्ही आदल्या दिवशीच चिकटवून ठेवा. मग टीमला भर घालणं सोपं जातं.

सात-आठ जणांना दीड तास पुरतो:

- पहिली ३० मिनिटं रेघ भरायला. त्यातली ७ मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. ही शांतता मोडू नका. कमी बोलणाऱ्यांचं म्हणणं इथेच बाहेर येतं.
- मतं घेऊन दोनच विषय निवडा, त्यांवर ३५ मिनिटं बोला.
- उरलेली २५ मिनिटं फक्त कृतींसाठी, म्हणजे पुढे नेमकं काय करायचं ते ठरवायला.

नवखे इथेच चुकतात. तक्रारींत वेळ संपतो आणि घाईघाईत ‘संवाद सुधारू’ असं लिहिलं जातं. त्याऐवजी ‘रिलीजच्या आदल्या दिवशी चारपर्यंत टेस्टिंगला बिल्ड (सॉफ्टवेअरची तयार प्रत) द्यायचं’ असं लिहा, पुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख. दोन कृती खूप झाल्या.

मॅनेजर आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात. त्यांना शेवटी बोलायची विनंती आधीच करून ठेवा. ‘हे कोणी केलं?’ असं कोणी विचारलंच, तर ‘तेव्हा आपल्याला काय माहीत होतं?’ असा प्रश्न फिरवा.

वेगवेगळे खेळ, फॉरमॅट सध्या राहू द्यात. पुढची बैठक याच दोन कृतींचं काय झालं, इथून सुरू करा.