गेलेल्यांच्या नावानं काही करावंसं वाटणं हा दिखावा असतो का?

मोठी दुर्घटना झाली की काही आठवड्यांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी अशीही माणसं येतात, ज्यांच्या घरचं कुणी त्यात गेलेलं नसतं. तरी झोप उडालेली असते. गेलेल्यांसाठी काहीतरी करावं असं आतून वाटतं आणि पाठोपाठ शंका येते, आपला काय संबंध? लोक काय म्हणतील? 2023 च्या पावसाळ्यात आलेल्या एका ताईंविषयी सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

1 जुलै 2023 च्या पहाटे नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि 25 प्रवासी गेले. पुण्याची रात्रीची बस हा आपल्याकडे नागपुरात घराघरातला विषय आहे. शिकायला, नोकरीला गेलेली पोरं तिनंच ये-जा करतात. आईबाप डबा बांधून देतात, बसपर्यंत सोडायला जातात आणि सकाळी फोन येईपर्यंत जागेच असतात. या ताईंची मुलगीही पुण्यात शिकत होती. त्या रात्री ती नागपुरात, घरीच होती. पुढच्या आठवड्यात निघणार होती.

अमेरिकेतली एक गोष्ट मुलीनंच आईला सांगितली. डिसेंबर 2012 मध्ये न्यूटाउन गावातल्या सँडी हुक शाळेत गोळीबार झाला. 20 मुलं आणि शाळेतली 6 मोठी माणसं मारली गेली. तेव्हा अ‍ॅन करी या पत्रकार बाईंनी सुचवलं की गेलेल्या प्रत्येकासाठी एकेक चांगलं काम करूया. ते आवाहन दूरवर पसरलं आणि अनेकांनी 26 कामं करायला घेतली. ताईंनी ऐकलं आणि वहीत 1 ते 25 आकडे टाकले.

मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पेशंटच्या नातेवाइकांना डबे दिले, कचरागाडीवरच्या माणसाला रेनकोट घेऊन दिला, शेजारच्या मुलीची परीक्षा फी भरली. अकरा कामं झाली. बारावं रक्तदानाचं ठरवलं, तर हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असल्यानं रक्तपेढीतून परत यावं लागलं. त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं. यजमान म्हणत, “ज्यांच्या घरचे गेले, त्यांना याचा काय उपयोग?”

माझ्यासमोर बसून त्या बराच वेळ यजमानांच्या त्या बोलण्याविषयीच सांगत होत्या. मग एकदम म्हणाल्या, “मॅडम, मी हे त्यांच्यासाठी करून राहिली का माझी पोरगी वाचली म्हणून? अन् पंचवीस पूर्ण नाही झाले अन् तिले काही झालं तं?”

खरं दुखणं इथं होतं. ताईंचं चांगलं काम नवस होऊन बसलं होतं. आपलं माणूस वाचलं की सुटल्यासारखं वाटतं आणि त्याच क्षणी लाजही वाटते, कारण दुसऱ्या कुणाचं तरी गेलेलं असतं. यात आपला काडीचाही दोष नसतो. तरी मन किंमत मोजू बघतं, आणि ही किंमत कधीच पुरी होत नाही. मी त्यांना म्हटलं, “ताई, दोन्हींसाठी करताय. पोरगी वाचली म्हणून दुसऱ्याच्या पोरासाठी जीव तुटला, यात खोटं काय आहे? पण तुमच्या वहीचा आणि तिच्या प्रवासाचा काही संबंध नाही.”

हे एकदा सांगून उतरत नाही. आधी आम्ही फक्त भीतीवर काम केलं. पेटलेल्या बसचे व्हिडिओ ताई रोज रात्री पुन्हा पुन्हा बघत होत्या, ते बंद केले. मुलीला तासातासाला फोन करण्याऐवजी “मला भीती वाटते” हे तिला सरळ सांगायचं ठरलं. आकडे टाकणं थांबवलं, कामं थांबवली नाहीत.

मग मी विचारलं, या अकरांतलं कोण आठवतं? त्यांना भंडाऱ्याकडचे एक आजोबा आठवले. त्यांना डबा नकोच होता. बायकोचा एक्स-रे कुठं काढायचा आणि हातातल्या कागदावर काय लिहिलंय, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. ताईंनी ते सांगितलं होतं, पण वहीत ‘डबा दिला’ असं लिहिलं होतं! दिखाव्याची शंका येते तेव्हा मी हेच बघायला सांगते, की काम कुणाच्या गरजेनं ठरलं? समोरच्याच्या, की आपल्या यादीच्या? फोटो काढू नये, आणि गेलेल्या माणसाचं नाव किंवा छायाचित्र त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय वापरू नये, हेही मी आग्रहानं सांगते.

यजमानांच्या प्रश्नाला मात्र माझं वेगळं उत्तर आहे. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात विधानभवनावर आलेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन गोवारी समाजाचे 114 बांधव गेले. झिरो माइलजवळच्या त्यांच्या स्मारकाशी दर वर्षी त्या दिवशी लोक जमतात; त्यांत 1994 नंतर जन्मलेली पोरंही असतात. लेकरू गमावलेले आईबाप माझ्याकडे येतात तेव्हा एक भीती हमखास बोलून दाखवतात, की आता सगळे त्याला विसरतील. अनोळखी माणसानं आठवण ठेवली तर त्यांचं दुःख कमी होत नाही, पण ते त्या दुःखात थोडे कमी एकटे राहतात. मला हा उपयोग फार मोठा वाटतो.

ताई आता जमेल तेव्हा मेडिकलमध्ये जाऊन कोणत्या कामासाठी कोणत्या खिडकीवर जायचं ते लोकांना दाखवतात, कागद वाचून देतात. लेकीनंही स्वतःचं एक काम शोधलं. बसमध्ये चढली की आपत्कालीन दार आणि काच फोडायचा हातोडा कुठं आहे ते बघते आणि शेजारच्या प्रवाशाला दाखवते. अपघात दिसला तर 108 ला फोन करायचा, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातल्या कलम 134 अ नुसार मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे तिनं मैत्रिणींनाही सांगितलं.

महिना उलटूनही झोप येत नसेल, तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील किंवा काम राहून गेलं की धडकी भरत असेल, तर चांगल्या कामांची संख्या वाढवू नका, कुणाशी तरी बोला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, आणि तिथं मराठीतून बोलता येतं.