एका बाजूला क्लीट, एका बाजूला सपाट: कोकणातल्या रस्त्यांसाठी हेच पेडल घ्या

तुमचा प्रश्न असा: रोज शिरगावहून रत्नागिरीत ऑफिसला जाता ते सँडल घालून, रविवारी जयगडपर्यंतची मोठी राइड करता ती मित्राकडून घेतलेल्या क्लीटच्या बुटांवर (क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला स्क्रूने बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा). दर शनिवारी रात्री पेडल बदलायचा कंटाळा आलाय, तर दोन्हीला चालेल असं एकच पेडल कोणतं?

एका बाजूला एसपीडी (शिमानोची क्लीट अडकवायची पद्धत) आणि दुसरी बाजू पूर्ण सपाट, असं पेडल घ्या. शिमानोचं ईएच ५०० याच जातीचं आहे, इतर कंपन्यांचीही मिळतात. दोन्ही बाजूंना क्लीटची यंत्रणा आणि भोवती छोटी चौकट असलेली पेडलंही दुकानदार 'दोन्हीला चालतात' म्हणून दाखवतो. ती घेऊ नका. बुटाच्या कडक तळाला ती चालतात, पण मऊ सँडलमधून मधली स्प्रिंग तळव्याला टोचत राहते. आठवड्यातले सहा दिवस तुम्ही सँडलवर आहात, तेव्हा पेडल आधी सँडलला सोयीचं हवं.

एक त्रास मात्र होणार. पेडल आपल्या वजनाने लटकतं आणि निघताना हवी ती बाजू वर असेलच असं नाही. पहिले दोन-तीन आठवडे खाली बघावं लागेल, मग पायच टोकाने उलटवायला शिकतो. चढावर निघताना घाई करू नका. आधी सपाट बाजूवर पाय ठेवून चार फेरे मारा, वेग आला की उलटवा आणि अडकवा.

आता बुटांबद्दल, कारण खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे राइड म्हणजे नुसतं सायकलवर बसणं नसतं. जयगडहून पुढे दापोलीकडे निघालात तर शास्त्रीची खाडी ओलांडायला तवसाळची फेरीबोट, वाशिष्ठीची ओलांडायला धोपावेहून दाभोळची. प्रत्येक धक्क्यावर उतरून सायकल ढकलायची. मधे कुठे देवळाची पाखाडी, कुठे पुळणीतून चालणं. एसपीडीचं क्लीट लहान, लोखंडी आणि दोन स्क्रूंचं असतं, बुटाच्या तळात खोल बसतं, त्यामुळे रबर जमिनीला टेकतं आणि माणूस माणसासारखा चालतो. रोड सायकलचं तीन स्क्रूंचं प्लास्टिकचं क्लीट तळाच्या बाहेर येतं. जांभ्यावर ते चार दिवसांत झिजतं आणि ओल्या उतारावर धरत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी श्रावणात मी तीन स्क्रूंचे बूट घालून एका धक्क्याच्या उतारावरून बोटीकडे चाललो होतो. ओहोटी होती, खालच्या भागावर शेवाळ. सायकल हातात असतानाच पाय सरकला आणि कोपर आपटलं. महिनाभर मनगट वळवताना दुखत होतं. ते बूट मी पुन्हा पावसाळ्यात घातले नाहीत, तुम्हीही घालू नका.

क्लीट नवीन घेणार असाल तर एसएच ५६ घ्या. नेहमीच्या एसएच ५१ मधून टाच बाहेर वळवली तरच पाय सुटतो. ५६ मधून इतर दिशांनी, अगदी वर ओढूनही सुटतो. गाडीमागून कुत्रं आलं किंवा वळणावर एस.टी. समोर आली तर हा फरक फार मोठा असतो. मात्र उभं राहून चढ मारताना पेडल वर खेचायची सवय असेल तर तो नको तेव्हाही सुटू शकतो. स्प्रिंगचा स्क्रू सुरुवातीला अगदी सैल ठेवा, दोन्ही पेडलवर सारखा. घराच्या भिंतीला टेकून वीस-तीस वेळा अडकवा-सोडवा करा, मगच रस्त्यावर या.

सपाट बाजूला छोट्या पिना असतात. पावसात ओलं सँडल त्यांच्यामुळेच टिकतं, म्हणून पिना असलेलंच पेडल बघा. नडगीवर लागल्या तर चांगलंच सोलतं. भीती वाटत असेल तर काही पिना काढून ठेवा, सगळ्या नको.

खारी हवा हा आपला कायमचा शत्रू. पेडलची लोखंडी दांडी ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्याला जोडतात त्या फिरत्या दांड्यात, बसते आणि मीठ-पाणी मिळालं की दोन्ही एकमेकांना असे धरतात की पान्यावर पाइप चढवून ओढलं तरी हलत नाहीत. आट्यांना ग्रीस भरपूर लावा. आगोटीच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा पेडल काढून, पुसून, पुन्हा ग्रीस लावून बसवा. काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. सोपी खूण: पाना वरच्या बाजूला उभा धरा आणि मागच्या चाकाकडे फिरवा, दोन्ही पेडल सैल होतात. पुढच्या चाकाकडे फिरवलं की घट्ट.

क्लीटच्या खाचेत पुळणीतली वाळू किंवा लाल माती अडकली तर पाय अडकत नाही, आणि अडकलाच तर सुटत नाही. हे दुसरं जास्त वाईट. मी खिशात बांबूची एक काडी ठेवतो, सायकलवर बसण्याआधी खाच कोरून घेतो. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं आणि स्प्रिंगवर तेलाचा थेंब सोडायचा.

पैसे देण्याआधी एक काम करा. मित्राचे ते बूट उलटे करून बघा. क्लीटची सोय दोन स्क्रूंची असेल तर हेच पेडल घ्या. तीन भोकांचा त्रिकोण असेल तर बूट मित्राला परत करा आणि आधी बुटांचा खर्च धरा. काय निघतंय ते कळवा, मग मापाचं बोलू.