वाचक विचारतात : धरण आधी की गळती आधी?

प्रश्न : उन्हाळा आला की तलावांची पातळी घसरते आणि पाणीकपात होते. मग नव्या धरणाची, समुद्राचे पाणी गोडे करण्याची चर्चा सुरू होते. पालिकेने सर्वांत आधी काय करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : आधी गळती थांबवावी, मग सांडपाणी शुद्ध करून वापरात आणावे. धरण आणि समुद्र त्यानंतर. मुंबईला सात तलावांतून रोज साधारण ३,८०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी मिळते. त्यांपैकी भातसा तलावाचे पाणी पिसे आणि पांजरापूर येथे पंपांनी उचलावे लागते, म्हणजे ते गळून गेले की त्यावर खर्च झालेली वीजही वाया जाते. समुद्राचे हजार लिटर पाणी गोडे करायला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. प्रस्तावित गारगाई धरणात तानसा अभयारण्यातले जंगल बुडते. जलवाहिनीचा सांधा दुरुस्त करून वाचलेल्या पाण्यासाठी यांपैकी कशाचीच किंमत मोजावी लागत नाही.

मात्र मुंबईत गळती शोधणे अवघड आहे, कारण बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येते. वाहिनी रोज रिकामी होते, रोज भरते. भरताना आतली हवा दाबली जाते, सांध्यांना धक्के बसतात आणि ते सैल होतात. रिकामी असताना त्याच सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा वासाचे येते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. चोवीस तास पाणी देणाऱ्या शहरांत पहाटे २ ते ४ या वेळेतला प्रवाह मोजतात. लोक झोपलेले असतात, म्हणून जो प्रवाह दिसतो तो बहुतांशी गळतीचा. आपल्याकडे ही युक्ती सरळ लागू पडत नाही, कारण पाणी येते तेव्हा प्रत्येक इमारतीची टाकी भरत असते.

त्यावर उपाय असा : विभागाचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला पाणी येण्याची एकच वाट ठेवायची आणि तिथे मीटर बसवायचा. एखाद्या पुरवठ्याच्या वेळी त्या तुकड्यातल्या सर्व जोडण्या थोडा वेळ बंद करायच्या. तरीही मीटर फिरत राहिला तर तेवढे पाणी जमिनीत जाते आहे किंवा चोरीला. मग व्हॉल्व्ह एकेक करून बंद करत कोणत्या गल्लीत गळती आहे ते ठरवायचे आणि ऐकण्याच्या काठीने किंवा आवाज टिपणाऱ्या यंत्राने नेमकी जागा गाठायची. हे रात्रीच करावे, दिवसा रहदारीच्या गोंगाटात गळतीचा आवाज कानावर येत नाही. सगळे काम फसते ते एका कारणाने : जुन्या नकाशात नसलेली एखादी जोडणी शेजारच्या तुकड्यातून पाणी आणत असते आणि मीटरचा हिशेब कधीच जुळत नाही. म्हणून खोदकामाआधी नकाशा प्रत्यक्ष पाहणीने दुरुस्त करायला हवा. या कंटाळवाण्या कामाला कायमचे कर्मचारी आणि स्वतंत्र तरतूद द्यायलाच हवी.

सांडपाण्याची संधी याहून मोठी आहे. वरळी, वांद्रे, धारावी, घाटकोपर, भांडुप, वर्सोवा आणि मालाड येथे मिळून रोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची नवी मलजल शुद्धीकरण केंद्रे उभी राहत आहेत. तिथून निघणारे शुद्ध पाणी बागा, रस्ते धुणे, बांधकाम आणि कारखान्यांची शीतयंत्रे यांना देता येईल. पण त्यासाठी वेगळी वाहिनी लागते. केंद्र पूर्ण झाले आणि वाहिनी टाकायची राहिली, तर चांगले पाणी समुद्रातच जाईल. म्हणून आत्ता रस्ता खोदला जातो आहे तेव्हाच ती वाहिनी टाकून घ्यावी.

प्रश्न : आमची २४ सदनिकांची जुनी इमारत आहे, गच्ची ४०० चौरस मीटर. पावसाचे पाणी साठवून काय हाती लागेल? (दादर)

उत्तर : बरेच. पावसाळ्यात २,२०० मिलिमीटर पाऊस धरला आणि गच्चीवरचे ८० टक्के पाणी हाती आले असे मानले, तर सुमारे ७ लाख लिटर होतात. सगळे साठवणे शक्य नाही. २०,००० लिटरची टाकी सुमारे ६३ मिलिमीटर पावसात भरते. मुंबईत असा एखादा जोरदार दिवस पुरतो. शौचालयासाठी माणशी ४५ लिटर धरले तर ९६ माणसांना ती साडेचार दिवस पुरेल, आणि पाऊस चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा भरेल.

पहिल्या २ मिलिमीटर पावसाचे, म्हणजे आपल्या गच्चीवरचे ८०० लिटर पाणी धूळ आणि पक्ष्यांच्या विष्ठेसह येते, ते वळवून सोडून द्यावे. सर्वांत खर्चिक भाग टाकी नव्हे, नळ आहे : जुन्या इमारतीत फ्लशला पिण्याच्या पाण्याचीच जोडणी असते. वेगळी वाहिनी टाका, तिला वेगळा रंग द्या. पिण्याच्या वाहिनीशी तिचा कुठेही सांधा जुळता कामा नये, एक झडप विसरली तरी सगळ्या इमारतीचे पाणी दूषित होते. जमिनीत पाणी मुरवण्याचा खड्डा खोदण्याआधी भूजल किती खोल आहे ते पाहा. भराव टाकलेल्या किंवा समुद्रालगतच्या जमिनीत ते एक-दीड मीटरवरच आणि खारे असते, तिथे मुरवण्यापेक्षा साठवणेच बरे.

पैसे घालण्याआधी एक फुकटची चाचणी करा. रात्री पुरवठा आणि पंप दोन्ही बंद करून जमिनीखालच्या टाकीत पाण्याच्या पातळीची खूण करा आणि सहा तासांनी पाहा. ५ × ३ मीटरच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली तर १५० लिटर गेले. गेलेच असतील तर आधी टाकी दुरुस्त करा.

प्रश्न : ओल्या कचऱ्याच्या खतखड्ड्याला वास येतो, रहिवासी बंद करा म्हणतात. (अंधेरी)

उत्तर : ओला कचरा जास्त, सुका माल कमी आणि तळाला पाणी साचलेले, हेच बहुतेकदा कारण. एक बादली ओल्या कचऱ्यावर एक बादली सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा टाका, थर चार-पाच दिवसांनी हलवा, तळाला पाण्याची निचरावाट ठेवा. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब सुटावा, धार लागू नये. रस्सा, हाडे आणि नारळाच्या कवट्या टाकू नका. पावसाळ्यात वर छप्पर हवेच.

मुंबईत सुका पाला मिळत नाही, ही अडचण खरी आहे. इथे पालिकेने मदत करावी : झाडे छाटल्यावर निघणारा पाला आणि फांद्या कचरागाडीत भरण्याऐवजी प्रत्येक विभागात यंत्राने बारीक करून सोसायट्यांना द्याव्यात. वाहतूकही वाचेल. साधारण दीड-दोन महिन्यांत खत काळपट, भुसभुशीत होते, त्याला पावसाच्या मातीचा वास येतो. गरम लागत असेल तर अजून तयार नाही, कुंड्यांत टाकू नका.