रेघ नको, बाण काढ

प्रिय बेटा,

ॲनिमेशनपटांचं रेटिंग आणि कमाई यांचं नातं दाखवणारा तुझा कॉलेजचा चार्ट पाहिला. निळे बार म्हणजे ॲनिमेशनपटांची कमाई, त्यावरून नागमोडी जाणारी लाल रेघ म्हणजे रेटिंग. दिसायला झकास आहे, पण ती लाल रेघ आधी पुसून टाक. काळाबरोबर काही बदलत असेल तर रेघ शोभते. नागपूरचा मे महिन्यातला पारा खुशाल रेघेने दाखव. 'फ्रोझन'वरून 'मिनियन्स'वर उतरणारी रेघ मात्र काहीच सांगत नाही; सिनेमांचा क्रम बदलला की तिचा आकारही बदलतो. शिवाय डावीकडे डॉलर आणि उजवीकडे दहापैकी गुण, अशा दोन पट्ट्या ठेवल्या की एक जरा ताणून दोघींचं सूत जमल्याचा देखावा कोणालाही करता येतो. परीक्षकांच्या हे लगेच लक्षात येईल.

स्कॅटर प्लॉट कर. आडव्या अक्षावर रेटिंग, उभ्यावर कमाई, एका सिनेमाचा एक ठिपका. उभा अक्ष लॉग स्केलवर, म्हणजे दर पायरीला दहापट वाढणाऱ्या मापावर घे, म्हणजे 1 कोटी, 10 कोटी, 100 कोटी हे सारख्या अंतरावर येतील. 'इनसाइड आउट 2'ने जगभरात सुमारे 170 कोटी डॉलर कमावले. आपला 2025चा 'महावतार नरसिंह' तीनशे कोटी रुपयांच्या वर गेला, आपल्याकडे त्याची केवढी चर्चा झाली, पण डॉलरमध्ये तो आकडा चार कोटींच्याही आत येतो. साध्या अक्षावर हा ठिपका तळाशी चिकटून बसेल आणि तो आपटला असंच बघणाऱ्याला वाटेल.

आता रेटिंगचं. आयएमडीबी या सिनेमांच्या वेबसाइटवरचे दहापैकी गुण प्रेक्षकांच्या मतांवरून निघतात. समीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटची टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांनी सिनेमाला बरं म्हटलं ते. किती बरं म्हटलं, ते तिच्यात नाही. सगळ्यांना ठीकठाक वाटलेला सिनेमाही तिथे 90च्या वर जाऊ शकतो. म्हणून या दोन्हींची सरासरी काढून एक आकडा बनवू नकोस. 'सुपर मारिओ ब्रदर्स'ला समीक्षकांकडून 60 टक्केही मिळाले नाहीत, तरी 2023मध्ये त्याने सुमारे 136 कोटी डॉलर मिळवले. उलट 'आयर्न जायंट' 90च्या वर, आणि 1999मध्ये कमाई जेमतेम तीन कोटी डॉलर. खर्चही निघाला नाही. असे ठिपके 'आउटलायर', म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेले, म्हणून उडवायची सवय क्लासमध्ये लावतात. तू उडवू नकोस, त्यांच्याशेजारी सिनेमाचं नाव लिही.

खरी गंमत पुढे आहे. एकाच मालिकेतले दोन भाग बाणाने जोडून बघ. 'फ्रोझन' आयएमडीबीवर 7.4, कमाई सुमारे 128 कोटी डॉलर. दुसरा भाग 6.8, सुमारे 145 कोटी. 'इनसाइड आउट' 8.1 आणि 86 कोटींच्या आसपास, दुसरा 7.5 आणि जवळपास दुप्पट. 'श्रेक'चंही तेच. बाण डावीकडे झुकत वर जातो, म्हणजे रेटिंग उतरलं आणि गल्ला वाढला. मला वाटतं, पहिल्या भागाने कमावलेला लोभ दुसऱ्याच्या तिकीटबारीवर वटतो. तसं असेल तर एका सिनेमाचं रेटिंग त्याच्याच कमाईशी ताडून पाहणं ही मुळातच अर्धवट तुलना झाली.

पण लगेच हुरळून जाऊ नकोस बाप्पा. ज्याचा पहिला भाग लोकांना आवडला, त्याचाच बहुधा दुसरा निघतो. म्हणजे पहिल्याचे गुण मुळातच नेहमीपेक्षा चढे असतात, मग दुसऱ्याचे थोडे उतरलेले दिसणारच. त्यात 'कुंग फू पांडा'च्या तिसऱ्या भागाने दुसऱ्यापेक्षा कमी कमावलं. तो बाणही चार्टवर असू दे.

डेटा साफ करताना शून्यांकडे नीट बघ. तयार फाइलींमध्ये कमाईच्या रकान्यात 0 असतो तो बहुतेक वेळा 'माहिती नाही' या अर्थाने. ते शून्य सरासरीत मिसळलं की सगळं मुसळ केरात. 2020चा 'सोल' अमेरिकेत थेट डिस्ने प्लसवर आला. त्याची थिएटरची कमाई इतरांच्या रांगेत बसवणं अन्याय आहे, त्याचा ठिपका पोकळ ठेव. जुन्या सिनेमांची कमाई महागाई धरून काढ. अमेरिकेत 1994 साली सरासरी तिकीट चार डॉलरच्या आसपास होतं, 2019मध्ये नऊच्या वर. 1994चा 'लायन किंग' 2011मध्ये थ्रीडीत पुन्हा लागला होता, ते पैसे धरले की वगळले तेही लिही. आणि 2019चा 'लायन किंग' ॲनिमेशन की नाही? गोल्डन ग्लोबने त्याला ॲनिमेशनपटाच्या गटात नामांकन दिलं, ऑस्करला तो व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये होता. तू काहीही ठरव, पण चार्टच्या खाली एका ओळीत सांग.

पुढे वाढवायचं असेल तर आपल्याकडचा एक मुद्दा आहे. 'इनसाइड आउट 2' 14 जून 2024ला लागला. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यात सर्वांत उशिरा उघडतात, म्हणजे पुण्यातली पोरं दप्तर घेऊन निघाली तेव्हा आपली अजून सुट्टीवर होती. याचा इथल्या शोजवर काय परिणाम झाला असेल? शहरवार आकडे सहज मिळत नाहीत, थिएटरवाल्यांना जाऊन विचारावं लागेल. नागपुरात सदर आणि बर्डी या भागांत फिरून ये, चहा पाजशील तर कोणीतरी बोलेल.

शनिवारी संध्याकाळी मी धरमपेठेत आहे. लॅपटॉप आणच, पण चार्टची काळीपांढरी प्रिंटही काढून आण. कॉलेजचा प्रिंटर रंग देणार नाही, तेव्हा पहिला भाग कुठला आणि दुसरा कुठला हे रंगाशिवाय कळतंय का, ते बसून बघू.

तुझा,
काका