सूचना आमच्या, मग कुलूप काहून?

प्रश्न : ताई, २०२५ च्या सुरुवातीला डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा आला होता. नातवाच्या लॅपटॉपवर रात्री बसून दीड पान सूचना पाठवल्या, मुद्दा एकच, माहिती अधिकाराचं नरडं आवळू नका. पुढे त्याचं काय झालं पत्ता नाही, मित्र म्हणतो ते सगळं गोपनीय असते. इथे एका लोकल ऑफिसात लेआऊटमधल्या मोकळ्या जागेवर आलेल्या हरकती पाहायला मागितल्या तर बाबू म्हणे, त्यात लोकांची नावं आहे, देता येत नाही. काहून बा?
— एक रिटायर्ड वाचक, त्रिमूर्ती नगर, नागपूर

उत्तर : काका, मित्र अर्धा बरोबर आहे. त्या मसुद्यासोबतच सरकारने सांगितलं होतं की आलेली मतं विश्वासाने जपून ठेवू, कोणालाही दाखवणार नाही, पण नियम फायनल झाल्यावर कोणाचंही नाव न घालता सगळ्या मतांचा गोषवारा प्रसिद्ध करू. म्हणजे तुमचं नाव बाहेर जायची भीती नाही, पण गोषवारा मागायचा हक्क तुमचाच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तेव्हा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपये भरून सरळ विचारा, गोषवारा कुठे आहे. मला स्वतःला ही गुप्तता पटत नाही, तुमच्यासारख्याचं नाव झाका, हरकत नाही, पण मोठमोठ्या कंपन्या लेटरहेडवर काय मागून गेल्या ते आम्हाला का कळू नये? २०१४ च्या केंद्राच्या धोरणातही कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवा आणि आलेल्या मतांचा सारांश वेबसाईटवर टाका असंच आहे.

तुम्ही ज्याची भीती लिहिली होती ते मात्र झालं. डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. त्यात आधी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खाजगीपणात घुसणारी माहितीच रोखता यायची, आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की झालं. तुमचा बाबू त्याच्याच आड लपतोय. पण कलम ८(२) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी असं ते म्हणते, आणि कलम १० तर ह्यासाठीच आहे, झाकायचं तेवढं झाका नि बाकीचं द्या. नाव, पत्ता, मोबाईल नंबर ह्यावर काळा मार्कर फिरवून झेरॉक्स द्यायला कोणाचं काय जातं? हरकत जागेबद्दल आहे, माणसाबद्दल नाही.

म्हणून अर्जात शब्द असे टाका : 'अमुक जागेबाबत आलेल्या हरकती व सूचनांच्या प्रती, वैयक्तिक तपशील कलम १० प्रमाणे वगळून'. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे मोकळ्या जागेचा सगळा इतिहास त्यात घालू नका (मोह होतो, माहीत आहे). १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत त्याच ऑफिसच्या वरिष्ठांकडे पहिलं अपील, तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत दुसरं, ते राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, त्यासाठी मुंबईला चकरा नाही. डेटावालं प्रकरण मात्र दिल्लीच्या केंद्रीय आयोगाकडे जाईल, दोन्ही एकाच अर्जात घालू नका.

आणि अर्ज देताना पोचवर शिक्का न् तारीख घ्याच. 'ठेवून जा काका, पाहतो' म्हणाले तर खुर्चीवर बसून राहा, कारण ते ३० दिवस त्या तारखेपासूनच मोजतात.