सीम डगमगते, काय करू?

प्रश्न : टेनिस बॉलवर माझा बोलिंगचा वेग बरा आहे. पण लेदर बॉल हातातून सुटला की सीम (बॉलवरची उठावदार शिवण) डगमगते, स्विंग होतच नाही, म्हणजे बॉल हवेत वळतच नाही. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, मीही भुसावळला टेनिस बॉलवरच वाढलो, मनगट तिरकं करून बॉल ढकलायची खोड तिथलीच. तर्जनी आणि मधलं बोट सीमच्या दोन्ही बाजूंना, अंगठ्याची कड खाली सीमवर. तळहाताला बॉल चिकटू देऊ नका. सोडताना मनगट बॉलच्या मागे सरळ ठेवा. ही दोन बोटं सगळ्यात शेवटी सुटली, तरच बॉल उलटा फिरतो आणि सीम उभी राहते. उन्हाळ्यात मी गच्चीवर खाटेवर उताणा पडून, सीमवर पांढरी टेप लावलेला बॉल वर फेकायचो. टेपची सरळ रेघ दिसली की जमलं. एकदा नाकावर आपटला. सुमारे १६० ग्रॅमचा धोंडाच तो! रनअप आठवडाभर विसरा, उभ्यानेच टाका.